सतरा नंबरचा डबा

सोमवार, ३ फेब्रुवारी

ही वही ऑफिसच्या कपाटातली आहे, म्हणजे सुरुवातच चोरीपासून. पण ताईपाशी हे बोलता येत नाही आणि भिंतीपाशी बोलायला लागले तर वेडी ठरेन, म्हणून लिहिते.

आज डॉक्टरीणबाईंनी आम्हा दोघांना आत बोलावलं. दोघं म्हणजे मी आणि बर्फवाले. कुणी गेलं आणि डोळे दान केले की बर्फाची पेटी घेऊन जातात ते हे. बत्तीस वर्षांची नोकरी झाली, त्यांचं खरं नाव त्यांच्या बायकोलाही आठवत नसेल. मी फॉर्मवाली. पेटी येऊन गेली की पंधरा दिवसांच्या आत त्या घरी जायचं आणि विचारायचं, गेलेलं माणूस काय खायचं. पालेभाजी आठवड्यातून किती वेळा, अंडी किती, पिवळी-केशरी फळं किती, सिगरेट होती का, उन्हात काम होतं का. बावीस प्रश्न.

डोळ्याच्या पडद्यावर मधोमध मसुरीच्या डाळीएवढा एक पिवळा ठिपका असतो. वाचणं, सुईत दोरा ओवणं, समोरच्याचं तोंड ओळखणं, सगळं त्याच्या जिवावर. तो पिवळा रंग शरीराला बनवता येत नाही. तो पाल्यातून, फळांतून, अंड्याच्या बलकातून येतो आणि उजेडाने पडदा करपू नये म्हणून राखण करतो. अँटिऑक्सिडंट म्हणतात त्याला. डॉक्टरीणबाईंना बघायचं होतं, की ज्याने जन्मभर पाला खाल्ला त्याचा ठिपका खरंच दाट असतो का आणि म्हातारपणी त्याचा पडदा जास्त टिकतो का. त्यासाठी सहा वर्षं एका बाजूला डोळ्यातला रंग मोजला आणि दुसऱ्या बाजूला फॉर्म ठेवले.

आणि दोन्ही जुळत नाहीत.

"एकशे बारा माणसं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आणि फॉर्मची आणि डोळ्यांची एकमेकांशी ओळखसुद्धा नाही. हा सतरा नंबर बघा. घरचे सांगतात, आठवड्यातून पाच वेळा पालेभाजी. आणि डोळ्यात रंग औषधालाही नाही. इतका खोटारडा माणूस मी पाहिला नाही."

बर्फवाले हसले. मीही हसले.

अठ्ठावीस तारखेला समिती बसणार. तोवर काही उलगडलं नाही तर 'पालेभाजीचा आणि डोळ्याचा संबंध आढळला नाही' असं लिहून काम बंद. डॉक्टरीणबाई या वर्षी निवृत्त होतायत, म्हणजे पुन्हा कुणी सुरू करणार नाही.

सतरा नंबर म्हणजे आमचे हे.

बुधवार, ५ फेब्रुवारी

बर्फवाले बाहेर गेले तेव्हा फाइल काढून मोजलं. एकशे बारापैकी एकेचाळीस फॉर्म मी मनाने भरलेत.

नोकरी लागल्यावर पहिल्या वीसेक घरी मी सगळं नीट विचारलं. मग त्या सुताराच्या घरी गेले. त्याची बायको चौदाव्या प्रश्नापर्यंत छान बोलत होती. चौदावा पालेभाजीचा. तो विचारला तशी म्हणाली, "त्या दिवशीपण तीच केली होती हो. त्यांनी ताट सरकवलं. मी म्हटलं, नका खाऊ, मरा उपाशी." मी पेन बंद केलं, सही घेतली आणि खाली जिन्यात बसून लिहिलं, आठवड्यातून चार वेळा.

तेव्हापासून चौदा ते वीस हे प्रश्न मी विचारलेच नाहीत. पाणी मागायचं. बाई आत गेली की स्वयंपाकघरात एक नजर टाकायची. भाजीची टोपली, ओट्यावरची कढई, अंड्यांचा ट्रे. शितावरून भाताची परीक्षा. माझा अंदाज सहसा चुकत नाही, मी तर स्वयंपाकात मीठसुद्धा कधी चाखून बघत नाही. आणि वर दोन पानं जास्तच वाढायची. खाली घरच्यांची सही असते. शून्याखाली सही करायला कुणाला लावायचं? मेलेल्याच्या ताटात थोडं जास्त पडलं तर कुणाचं काय गेलं, असं वाटायचं.

प्रत्येक प्रश्नाखाली शेवटी 'माहीत नाही' असा एक चौकोन आहे. एकशे बारा फॉर्ममध्ये त्या चौकोनावर एकही खूण नाही.

आणखी एक. फॉर्म चाळताना चौदाव्या प्रश्नाची ओळ मधे वाकलेली दिसली. कागदाच्या मागून कुणी बोट लावून ढकलावं तशी. आपला प्रिंटर बिघडला असेल म्हटलं. पण पहिल्या वर्षीचे फॉर्म बाहेरच्या छापखान्यातून आले होते. तेही वाकलेले आहेत.

शनिवार, ८ फेब्रुवारी

यांच्याबद्दल लिहायचं टाळत होते. आज ताई रेडिओ ऐकत बसलीय, तेवढ्यात लिहून टाकते.

हे बस डेपोत टाइमकीपर होते. बोलणं मोजून. 'गाडी आली', 'गाडी गेली' असं दिवसभर लिहून घरी आलं की शब्द संपलेले असायचे. आमच्या सासऱ्यांचे डोळे म्हातारपणी गेले, मधोमधचं दिसेनासं होऊन. शेवटची सहा वर्षं भिंत धरून चालायचे आणि मुलाचं तोंड दिसत नाही म्हणून रडायचे. तेव्हाच मी मनाशी धरलं, यांच्या डोळ्यांना असं होऊ द्यायचं नाही. कुठल्याशा मासिकात पाल्याबद्दल वाचलं आणि रोज यांच्या डब्यात पालेभाजी जायला लागली. निवडायची, तीन पाण्यांनी धुवायची, बारीक चिरायची. डबाभरच करायची. संध्याकाळी डबा चाटूनपुसून लख्ख परत यायचा. ते बघून मला जो आनंद व्हायचा तो मी दुसऱ्या कशाने झालेला सांगू शकत नाही.

चार वर्षांपूर्वी हे गेले, हृदयाने. डोळे दिले. माझ्याआधीची फॉर्मवाली आली तिला मी छाती काढून सांगितलं, आठवड्यातून पाच वेळा, मी स्वतः डब्यात देत होते.

महिन्याभराने डेपोतले मिस्त्री यांच्या कपाटातलं सामान घेऊन आले. कंगवा, टोपी, शाईपेन. जाता जाता दारात घुटमळले. "वहिनी, एक सांगायचं होतं. साहेबांचा डबा मी खायचो. रोज."

मी दार लावून घेतलं. का, केव्हापासून, काही विचारलं नाही. पुढे ही नोकरी मिळाली, फाइलमध्ये माझ्याच सहीचा फॉर्म सापडला, नंबर सतरा. तो दुरुस्त करणं एका रेघेचं काम होतं. केलं नाही. ती रेघ मारायची म्हणजे माझ्या हातचं त्यांना नको होतं, असं माझ्याच अक्षरात लिहायचं.

मंगळवार, ११ फेब्रुवारी

आज जे झालं ते आजच लिहून ठेवते.

नवीन घर होतं, शिंप्याचं. मुलीने दार उघडलं. साडी दिसली, काठ दिसला, दारावरचा हात दिसला, हातातली बांगडी दिसली. तोंड नव्हतं. तोंडाच्या जागी राखाडी काहीतरी, ओल्या बोटाने पाटी पुसल्यासारखं. त्या राखाडीतून आवाज आला, "या ना, बसा." मी पाणीसुद्धा न मागता उठले.

घरी आले आणि यांच्या फोटोसमोर उभी राहिले. शर्टाची कॉलर आहे. खिशाला पेन आहे. कान आहेत. मधलं सगळं गेलंय.

आता मला कळतंय. ज्यांच्या तोंडी मी न खाल्लेला घास घातला, ते आता माझ्यापुढून माणसांची तोंडं पुसतायत. एकेचाळीस आणि एक, बेचाळीस जण आहेत. खाई त्याला खवखवे म्हणतात. इथे खाल्लं कुणीच नाही, तरी खवखवतंय.

फोटोवर टॉवेल टाकला. ताईला म्हटलं, धूळ बसते.

शुक्रवार, १४ फेब्रुवारी

बर्फवाले म्हणाले, "बाई, तुमच्या खुणा हल्ली चौकोनाबाहेर पडतात. चौकोनाचं आणि तुमचं भांडण आहे का?" मी म्हटलं, घाईत होते.

घाईत नव्हते. चौकोन सरकतात.

सोमवार, १७ फेब्रुवारी

देवाला विनोद करायचा असला की तो ऑफिसच्या कागदावर करतो.

डॉक्टरीणबाईंनी बोलावलं. टेबलावर बंद पाकीट. म्हणाल्या, "सतरा नंबर माझ्या डोक्यातून जात नाही. नाव-पत्ते मी कधी उघडत नाही, पण याच्या बायकोला पुन्हा भेटायला हवं. पाकीट तुम्ही बाहेर जाऊन उघडा, मला पत्ता कळायला नको. तिला प्रेमाने विचारा. अशा बायका खोटं बोलतात ते वाईटपणाने नाही."

पाकीट घेऊन मी निघाले. उघडायची गरज नव्हती, तरी कोपऱ्यावर उभं राहून उघडलं. माझं नाव, माझी गल्ली, दुसरा मजला.

दोन तास बाकावर बसून राहिले. समोरून माणसं जात होती, सगळी गळ्यापर्यंत. एक बाई थांबली आणि म्हणाली, "ओळखलं नाही का?" मी ओळखलं म्हटलं. कोण होती देव जाणे. परत जाऊन सांगितलं, "बाई घरी नव्हती."

"मग उद्या जा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

त्यांच्याकडे बघितलं. चष्म्याच्या काड्या होत्या. बाकी त्यांचंही पुसायला घेतलंय.

गुरुवार, २० फेब्रुवारी

सकाळी चहा ओतला तो टेबलावर. ताई म्हणाली, "टेबलाने मागितला होता का?"

ताई माझ्याहून नऊ वर्षांनी मोठी. शाळेत भूगोल शिकवायची. तिच्या दोन्ही डोळ्यांतलं मधलं हळूहळू गेलं, आठ वर्षांत. कडेकडेचं दिसतं, त्याच्यावर ती घरभर वावरते. हे गेल्यावर माझ्याकडे राहायला आली. कुणी कुणाला सांभाळायचं ते आम्ही अजून ठरवलेलं नाही.

दुपारी म्हणाली, "तू हल्ली माझ्याशी बोलताना कुणाकडे बघतेस गं?"

"तुझ्याकडेच."

"नाही. तुझा आवाज माझ्या कानावरून पलीकडे जातो." मग जरा वेळाने, "खिडकीचे गज सरळ आहेत का बघ."

आता हिला गजांचं काय पडलंय? पण बघितलं आणि सांगितलं, की एक वाकलाय, मधला. ताईने विचारलं, "मधला म्हणजे कुठला? तू बघशील तो?" मी म्हटलं, "असं काय विचारतेस? हो, बघेन तो वाकतो, थट्टा चाललीय कुणाची तरी." कोण थट्टा करतंय ते मला माहीत आहे, पण तिला काय सांगायचं?

ताई उठली. खिडकीशी जाऊन एकेक गज वरपासून खालपर्यंत हाताने चाचपून आली. सगळे चाचपले. संध्याकाळी म्हणाली, "तुझ्या डॉक्टरीणबाईंचा नंबर मला पाठ करून दे."

"कशाला?"

"असाच. पाठांतर चांगलं असतं."

म्हातारपण. दुसरं काय.

शनिवार, २२ फेब्रुवारी

ताई दार लावून फोनवर बोलत होती. मी जवळ गेले तशी आवाज खाली आला. 'माझी बहीण', 'सांगत नाही कुणाला', 'आणखी उशीर नको' एवढं ऐकू आलं.

म्हणजे ताईला कळलंय. ही वही तिला वाचता येणार नाही, मग कशावरून कळलं? झोपेत बोलले असेन. आपल्याच बहिणीने डॉक्टरीणबाईंना फोन करून सांगावं! आपलेच दात, आपलेच ओठ. मी तिच्याशी बोलत नाहीये. ती तरीही चहा माझ्यापुढे आणून ठेवते आणि माझं बोट धरून कपाच्या कानाला लावते.

मंगळवार, २५ फेब्रुवारी

झालं एकदाचं.

सकाळी डॉक्टरीणबाईंनी आत बोलावून दार लावलं. म्हणाल्या, "तुमच्या ताईंचा फोन आला होता." त्यांना पुढे बोलूच दिलं नाही. म्हटलं, दुसऱ्याच्या तोंडून ऐकण्यापेक्षा माझ्या तोंडून ऐका.

"सतरा नंबर खोटारडा नाही," मी म्हटलं. "तो माझा नवरा. खोटं मी बोलले. आणि त्यानंतर एकेचाळीस घरी बोलले."

सगळं सांगितलं. सुताराची बायको, पाणी मागणं, जिन्यात बसून लिहिणं, मिस्त्री, डबा. तोंडं पुसली जातात तेही सांगितलं. डॉक्टरीणबाई पाठमोऱ्या झाल्या आणि खिडकीशी उभ्या राहिल्या.

"सहा वर्षं," त्या म्हणाल्या. "लोकांनी डोळे काढून दिले हो. डोळे. आणि तुम्ही त्यांच्या बायकांना एक प्रश्न विचारू शकला नाहीत?"

"त्या रडल्या असत्या."

"रडल्या असत्या आणि सांगितलं असतं! रडणारी बाई सांगत नाही असं कुणी सांगितलं तुम्हाला?" एवढ्या मोठ्याने त्या कधी बोलल्या नव्हत्या. बाहेर बर्फवाल्यांची पेटी खाली ठेवल्याचा आवाज आला.

मी उठायला लागले तर म्हणाल्या, "बसा. फोन फॉर्मबद्दल नव्हता. डावा डोळा झाका."

पुढे एक कागद धरला. असे गठ्ठेच्या गठ्ठे मी कपाटात रचलेत. नुसत्या चौकटी, मधे ठिपका. कधी स्वतः बघितला नव्हता. चौकटी मधोमध पाण्यात पडल्यासारख्या हलत होत्या आणि ठिपका नव्हताच. दुसऱ्या डोळ्याने राखाडी डाग.

"ही माणसं तुमच्यापुढून कुणी पुसत नाही," त्या म्हणाल्या. आवाज उतरला होता. "तुमचा ठिपका पुसला जातोय. रेघा वाकतात म्हणजे पडद्याखाली पाणी झिरपतंय. किती दिवस झाले?"

मी तारीख सांगितली. वहीत लिहिलेलीच होती.

"नेत्रपेढीत नोकरी! दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच."

मी विचारलं, आता पालेभाजी खाल्ली तर? म्हणाल्या, "जेवायला खा. झिरपणारं पाणी भाजीने थांबत नाही, त्याला डोळ्यात सुई द्यावी लागते. उजव्यात उद्याच. डाव्यातलं गेलेलं परत येईल असं मी सांगणार नाही. आहे ते धरून ठेवायचं."

घरी आले. ताई दारातच होती. म्हणाली, "चिडलीस?" मी तिच्या खांद्यावर डोकं ठेवलं आणि इतकी रडले, की शेजारीण बघायला आली. "मला वाटलं हे सगळे मला छळतायत," मी म्हटलं.

"तुला भुतं दिसत नव्हती गं," ताई म्हणाली. "तुला मधलं दिसत नव्हतं. मलाही पहिल्यांदा बाबाच पुसलेले दिसले होते फोटोत. मीही कुणाला सांगितलं नव्हतं."

शुक्रवार, २८ फेब्रुवारी

अक्षर मोठं येतंय, चालायचं. सुई टोचली ती वाटली होती त्यापेक्षा कमी दुखली आणि भीती मात्र धरली होती त्यापेक्षा जास्त वाटली.

समिती बसली. डॉक्टरीणबाईंनी सगळं जसंच्या तसं सांगितलं, माझी चूक आणि फॉर्म न तपासण्याची स्वतःचीही. तीन महिने मुदत मिळाली. बेचाळीस घरी पुन्हा जाऊन विचारायचं. माझी नोकरी गेली, ते बरोबरच आहे. पण बर्फवाले त्या घरी रात्री-अपरात्री एकदाच गेलेले, त्यांना आता घरं सापडत नाहीत, म्हणून मी वाट दाखवायला बरोबर जाणार. प्रश्न ते विचारणार. मी बाजूला बसून माफी मागणार.

सोमवार, १० मार्च

सुताराच्या घरी गेलो. बर्फवाल्यांना इतक्या वर्षांत जिवंत माणसांशी बोलायची सवय नाही. सरळ चौदाव्या प्रश्नालाच हात घातला. मी डोळे मिटून घेतले.

"खायचे की," बाई म्हणाली. "आवडीने खायचे. आठवड्यातून दोनदा तरी. त्या दिवशीच तेवढी नाही खाल्ली, छातीत दुखत होतं म्हणून. ते मला नंतर कळलं." मग माझ्याकडे वळून म्हणाली, "तुम्ही तेव्हा अर्ध्यावर उठून गेलात. मला वाटलं, मी काहीतरी वाईट बोलले. दोन वर्षं वाट बघतेय, कुणीतरी येऊन पुढचं विचारेल म्हणून."

तिचं तोंड मला दिसत नव्हतं. हात दिसत होते. ते मी धरले.

बुधवार, १९ मार्च

एकेचाळीस संपले नाहीत, पण बर्फवाले म्हणाले, आज सतरा नंबर उरकू. माझ्याच स्वयंपाकघरात खुर्चीवर बसले, चष्मा लावला आणि मला ओळखत नसल्यासारखं विचारू लागले. बरं वाटलं त्यांचं ते वागणं.

"प्रश्न चौदा. गेल्या वर्षभरात पालेभाजी आठवड्यातून किती वेळा?"

"माहीत नाही," मी म्हटलं.

त्यांनी पेन तसंच धरलं. "या चौकोनात मी आजवर खूण केली नाही. माहीत असलेलं कुणी आहे का?"

शुक्रवार, २१ मार्च

ताईला घेऊन डेपोत गेले. दोघींत मिळून एक माणूस नीट चालतो. ती एका बाजूची कडा बघते, मी तिच्या दंडाला धरून दुसऱ्या बाजूची.

मिस्त्री आता निवृत्त झालेत, तरी दुपारी तिथेच कट्ट्यावर बसलेले असतात. मला बघून उभे राहिले. मी म्हटलं, "तेव्हा दार लावलं, चुकलं माझं. डबा तुम्ही का खायचात?"

ते बराच वेळ टोपी चाचपत राहिले. "माझी बायको गेली त्या वर्षी, वहिनी. मला करता काही येत नव्हतं. दुपारचा नुसता बसायचो. साहेबांनी बघितलं. पहिल्या दिवशी अर्धा दिला. म्हणाले, आमच्याकडे जास्त होतं. मग मी लोचट, पुरा खायला लागलो. ते काही बोलले नाहीत. नऊ वर्षं."

"आणि ते काय खायचे?"

"चहा. दोन बिस्किटं. एक वाजता, घड्याळ लावून."

"मला का नाही सांगितलं? मी दोन डबे केले असते."

"तेच तर म्हणायचे," मिस्त्री म्हणाले. "'हिला सांगू नकोस, ही दोन डबे करत बसेल. आधीच पहाटे उठते.'"

मी तिथेच कट्ट्यावर बसले. डबा डबाभरच व्हायचा, मला मागे काही उरायचं नाही. इतकी वर्षं दुपारी एक वाजता मी घरी ओट्याशी उभी राहून चहात बिस्किट बुडवून खात होते. आणि त्याच वेळी हे तिकडे. दोघंही तेच. आणि पाला सगळा मिस्त्रींच्या पोटात.

मिस्त्री म्हणाले, "वहिनी, माझे डोळे लिहून घ्या तुमच्या त्या पेढीला. एक्काहत्तर वर्षांचा आहे, अजून सुईत दोरा ओवतो. तुमचीच भाजी आहे त्यात."

सोमवार, २४ मार्च

डॉक्टरीणबाईंनी मिस्त्रींना यंत्रापुढे बसवलं. लुकलुकणाऱ्या दिव्याकडे बघून बटण दाबायचं असतं, तेवढ्यावरून जिवंत माणसाचाही ठिपका किती दाट ते समजतं. कागद बाहेर आला तो त्यांनी दोनदा वाचला.

"हे कोण?"

"सतरा नंबरचा डबा," मी म्हटलं.

"एका माणसावरून काहीही सिद्ध होत नाही," त्या ताबडतोब म्हणाल्या. "त्यांचा ठिपका जन्मतःच दाट असेल. फळं खात असतील. हे मोजणीत धरायचं नाही." आणि कागद घडी करून पर्समध्ये ठेवला, फाइलमध्ये नाही. माझ्याशी त्या अजून पहिल्यासारखं बोलत नाहीत.

मंगळवार, २५ मार्च

बर्फवाले सतराचा नवीन फॉर्म सहीला घेऊन आले. पालेभाजी, शून्य वेळा. माहिती देणारे, सहकारी. खाली पत्नीची सही.

समोर बघितलं तर रेघ नाही. ताई म्हणाली, "रेघेकडे बघू नकोस. कागदाच्या कोपऱ्याकडे बघ, रेघ आपण होऊन येईल." तसं केलं. रेघ आली, शून्यही आलं. सही केली.

बर्फवाले गेल्यावर फोटोवरचा टॉवेल काढला आणि वरच्या खिळ्याकडे बघत राहिले. हळूहळू खाली यांचं तोंड आलं. धुरकट, पण तेच. खिळ्यावरून नजर काढली की जातं, म्हणून मान अवघडेपर्यंत तशीच उभी होते. विचारायचं होतं ते विचारलं. नेहमीप्रमाणे काही बोलले नाहीत.

एक वाजला होता. ताईने चहाचं विचारलं. मी म्हटलं, नको, आज जेवू. सकाळी पालक आणला होता, नेहमीसारखाच निवडून, तीन पाण्यांनी धुवून, अंदाजाने मीठ घालून केला होता. कपाटातून यांचा डबा काढला, त्यातच वाढून घेतला आणि खाली बसून पहिल्यांदा माझी स्वतःची पालेभाजी खाल्ली.

मीठ कमी होतं. चांगलंच कमी. इतक्या वर्षांत दोघांपैकी एकानेही सांगितलं नाही.